विनोदी नटासमोर सीन आहे? सेटवर या चुका टाळा

२००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आला आणि त्यानंतर गोव्यातलं शूटिंग वाढत गेलं. फोंडा, डिचोली, पेडणे भागात उत्सवाच्या नाटकांतून, कला अकादमीच्या स्पर्धांतून तयार झालेल्या मुलामुलींना आता कॅमेऱ्यासमोर कामं मिळतात. बहुतेकदा ही कामं दोन-चार वाक्यांची असतात: हॉटेलचा रिसेप्शनिस्ट, मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला), पोलीस शिपाई. समोर असतो एखादा नावाजलेला विनोदी नट, जो स्क्रिप्टमधलं एक वाक्य म्हणतो आणि पुढची तीन तिथल्या तिथे सुचून म्हणतो. चांगली तयारीची मुलंही इथे गडबडतात. सहायक दिग्दर्शक म्हणून बाजूला उभं राहून मी हे बघत आलो आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण गुण असतात, फक्त आधी कोणी सांगितलेलं नसतं.

त्याच्या वेगाशी स्पर्धा

सगळ्यात मोठी चूक हीच. समोरच्याने ॲडिशन, म्हणजे स्क्रिप्टबाहेरचं वाक्य, घेतली की आपणही घ्यायची, तो ओरडला की आपणही आवाज चढवायचा. मग दोघेही गमतीदार होतात आणि सीन मात्र पडतो, कारण विक्षिप्तपणा कळायला शेजारी एक सरळ माणूस लागतो. पेडण्याकडच्या जत्रेत दशावतार पाहिला असेल तर आठवा. विनोदी राक्षस संकासुर सुटलेला असतो आणि नाईक, म्हणजे सूत्रधार, शांतपणे एकेक प्रश्न टाकत असतो. हशा संकासुराला मिळतो, पण त्याची जागा नाईकाने करून दिलेली असते.

समजा तुम्ही रिसेप्शनिस्ट आहात. वाक्य आहे, ‘आधार कार्ड द्या.’ नट कार्ड देतो. तुम्ही म्हणता, ‘यावर बाईंचा फोटो आहे.’ आता तो स्क्रिप्ट सोडून म्हणतो, ‘दाढी केली की मी असाच दिसतो.’ इथे तुम्हीही काहीतरी गमतीचं बोललात तर त्याचं वाक्य मेलं. त्याऐवजी कार्डाकडे बघा, त्याच्याकडे बघा, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि म्हणा, ‘दुसरा मजला.’ रिसेप्शनिस्टला फक्त नोंद पूर्ण करायची आहे. आपल्या पात्राला काय हवंय एवढं पक्कं धरलं की समोरून काहीही आलं तरी उत्तर सापडतं. त्यासाठी ऐकावं लागतं. आपलं वाक्य मनात घोळवत उभं राहणाऱ्याला ते जमत नाही.

त्याच्या ॲडिशनमुळे आपला क्यूच, म्हणजे ज्या शब्दावर आपण बोलायचं तो शब्दच, आला नाही, अशी अडचण नेहमी येते. तेव्हा थांबून दिग्दर्शकाकडे बघू नका. सीन पुढे सरकवणारं वाक्य तुमच्याकडे असेल तर योग्य जागी ते बोलून टाका. चांगला नट ते लगेच उचलतो. आणि सीनमधली माहिती, म्हणजे नाव, खोली, वेळ, नक्की कोणाच्या वाक्यात आहे हे आधीच बघून ठेवा. तो ती विसरला तर तुम्ही प्रश्न विचारून काढून घेऊ शकता.

हसू फुटणं

फुटणारच. उपाय शरीराकडून करायचे: त्याच्या डोळ्यांत न बघता भुवयांच्या मध्ये बघा, त्याचं वाक्य सुरू व्हायच्या आधी श्वास सोडून मोकळे व्हा, बुटात पायाची बोटं जमिनीवर दाबा. तरीही हसू आलं तर ‘सॉरी’ म्हणून शॉट मोडू नका. ‘कट’ म्हणण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा. त्या क्षणी कॅमेरा नटाच्या चेहऱ्यावर असेल आणि तुमच्या हसण्याचा आवाज त्याच्या वाक्यावर पडला नसेल, तर तो टेक वाचतो.

क्रूलाही हे लागू आहे. टेक चालू असताना कोणी फिस्सकन हसलं की ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. पण कट झाल्यावर मोकळेपणाने हसा. रंगमंचावरून आलेल्या नटाला हशाची सवय असते. सेटवरच्या शांततेत त्याला वाटतं की काही पोचत नाही, आणि पुढच्या टेकला तो आवाज आणि हातवारे दोन्ही वाढवतो. टेकागणिक काम मोठं होत चाललं असेल तर कारण बहुतेकदा हेच असतं. सहायकाने जवळ जाऊन ‘दादा, मघाचं फार छान लागलं, तेवढंच ठेवू या’ म्हटलं की फरक पडतो.

वाक्यावर वाक्य

नाटकात लगोलग वाक्य टाकणं हा गुण असतो. क्लोजअपमध्ये मात्र तुमचा शब्द त्याच्या शेवटच्या शब्दावर चढला की संकलकाला तिथे कात्री लावता येत नाही. अर्धा श्वास जागा सोडा. जलदपणा एडिटवर आणता येतो, एकमेकांत अडकलेले आवाज सुटे करणं फार कठीण.

हालचाल नेमकी ठेवणं हे तर तुमचंच काम. तो दर टेकला वेगळा वागेल. तुम्ही कोकम सरबताचा ग्लास एकाच शब्दावर, एकाच हाताने उचललात, तर त्याचे दोन वेगवेगळे टेक तुमच्या शॉटवरून जोडता येतात. ग्लासच्या मागच्या बाजूला पातळीची छोटी टेप लावायला कंटिन्युइटीवाल्यांना (शॉटमधल्या वस्तू-हालचाली जुळतात का ते बघणाऱ्यांना) सांगा.

आवाज फाटतो, फोकस जातो

ही तक्रार तंत्रज्ञांची. रिहर्सलला नट पुटपुटतो, टेकला गर्जना करतो. साउंड रेकॉर्डिस्टने सीनमधलं सर्वात जोरात म्हणायचं वाक्य नटाकडून एकदा पूर्ण आवाजात म्हणवून घ्यावं आणि दुसऱ्या ट्रॅकवर दहा-बारा डेसिबल खाली असा सुरक्षित आवाज ठेवावा. फार मोठा आवाजही न फाटता टिपणारा ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर असला तरी गाफील राहू नये. माइक किंवा ट्रान्समीटरपाशीच आवाज फाटला असेल तर रेकॉर्डर काही करू शकत नाही. छातीवर हात आपटायची सवय असलेल्या नटाचा लेपल माइक (कपड्यावर लावलेला) कॉलरकडे सरकवावा आणि बूमही (काठीवरचा माइक) ठेवावा.

मार्कवर, म्हणजे जमिनीवर खूण केलेल्या जागी, न थांबणाऱ्या नटाला पुन्हा पुन्हा मार्क दाखवून त्याचा उत्साह मारू नका. टेपच्या ‘टी’ आकाराच्या खुणेऐवजी एक चौकोन आखून द्या आणि त्या सगळ्या जागेला लाइट करा. लेन्सचं ॲपर्चर २.८ ऐवजी ५.६ वर नेलंत तर जास्त खोलवर फोकस राहतो आणि फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला श्वास मिळतो. दोन कॅमेरे असतील तर दोन्ही नटांचे शॉट एकदम घ्या. सुचून आलेल्या वाक्यावरची तुमची खरी प्रतिक्रिया दुसऱ्यांदा तशीच येत नाही. आणि एकच कॅमेरा असेल तर विनोदी नटाचा क्लोजअप आधी, दहाव्या टेकला त्याच्यात ती चमक उरत नाही.

किनाऱ्यावर तर हा क्रम पाळायलाच हवा. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं. सीन ॲडिशन्समुळे लांबला की वाइड शॉटमधली ओली रेघ क्लोजअपमध्ये मागे कुठच्या कुठे गेलेली असते. समुद्राचा आवाजही बदलतो, म्हणून नुसत्या लाटांचं वेगळं रेकॉर्डिंग त्या त्या वेळी करून ठेवा. गावातल्या घरात शूटिंग असेल तर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू सकाळ-संध्याकाळ वाजणारच. त्याची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळेला लाइटिंग लावा.

गप्प बसणं

स्थानिक कलाकार हमखास ही चूक करतात. बाहेरून आलेला नट गोंयकाराच्या तोंडी तेच ते घालतो: प्रत्येक वाक्याला ‘मॅन’, हातात बाटली, मोडकी हिंदी. तुम्हाला खटकतं, पण मोठा माणूस म्हणून बोलत नाही. बोला. सर्वांसमोर नको, बाजूला, दादा किंवा सर म्हणून, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘दादा, इथे असं कोणी बोलत नाही, पण पायलट गिऱ्हाइकाला पात्रांव (मालक) म्हणेल’ असं सांगा. नवा शब्द मिळाला की विनोदी नट खूश होतो.

पणजीतल्या फोन्तेन्हाससारख्या जुन्या वस्तीत आणखी एक सांभाळायचं. उत्साहाच्या भरात नट बाल्कनीतल्या आजीलाच सीनमध्ये ओढतो. एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडून शूटिंगची परवानगी घेतली म्हणजे त्या आजीची संमती मिळाली असं होत नाही. तिला आधी विचारा, लेखी घ्या, ती नाही म्हणाली तर तो टेक सोडा. ती गल्ली लोकांचं घर आहे आणि कॅमेऱ्यांना ते आधीच कंटाळले आहेत.

राहता राहिला ब्रेक. कॅमेऱ्यासमोर उसळणारा माणूस दोन शॉट्सच्या मध्ये अगदी गप्प बसलेला दिसेल, मे महिन्याच्या घामात तर जास्तच. त्याला ‘काहीतरी ऐकवा ना’ म्हणू नका, मोबाइल काढू नका. पाणी हवं का विचारा. आणि त्याची तयारी दिसली तर पुढच्या सीनची वाक्यं एकदा हळू आवाजात म्हणू या का, एवढं विचारा.