बुरशीशास्त्रात यायचंय? आधी पेशी समजून घ्या

बुरशीशास्त्राकडे वळू पाहणारे बरेच विद्यार्थी लॅटिन नावं पाठ करत बसतात. मी पिकांच्या रोगांचे नमुने तपासते. माझं सांगणं असं की आधी बुरशीची पेशी नीट समजून घ्या, नावं कामाच्या ओघात बसत जातात.

द्राक्षाचंच बघा. पानावर पांढरं काहीतरी दिसतं म्हणून नमुना येतो. भुरी असेल तर राख भुरभुरल्यासारखी दिसते. केवडा, म्हणजे बागाईतदारांचा डाऊनी, असेल तर पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव. शेतात दोन्हींना बुरशीच म्हणतात. पण खरी बुरशी भुरी: पेशीच्या बाहेरच्या भित्तिकेत कायटिन हा कडक पदार्थ, तिच्या आतल्या पातळ पेशीपटलात अर्गोस्टेरॉल हा चरबीसारखा रेणू. केवड्याचा जीव ऊमायसीट गटातला, तपकिरी शैवालांचा नातेवाईक. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं आणि अर्गोस्टेरॉल तो बनवतच नाही. ट्रायझोल गटातली औषधं नेमकं अर्गोस्टेरॉल तयार होणं रोखतात, त्यामुळे ती भुरीवर चालतात, केवड्यावर फुकट जातात. एका रेणूवर शेतकऱ्याच्या फवारणीचा खर्च अवलंबून असतो!

हाच रेणू दवाखान्यातही भेटतो. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांसाठी ज्या ॲम्फोटेरिसिन-बीची शोधाशोध चालली होती, ते अर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं. मात्र बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. आपल्या पेशीपटलात त्याच जागी कोलेस्टेरॉल आहे आणि दोघांची रचना बरीच मिळतीजुळती. म्हणून हे औषध देताना रुग्णाची किडनी सांभाळावी लागते. माणसांसाठीच्या बुरशीनाशक औषधांचे गट इतके थोडे का, याचं मोठं कारण हे नातं. मला या विषयानं धरून ठेवलं ते इथेच.

आता हाताचं काम. बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार, म्हणजे बुरशी वाढवायचं खाद्यमाध्यम, स्वतः बनवा: एक लिटरला 200 ग्रॅम बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज आणि अगार प्रत्येकी 20 ग्रॅम, मग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) 121 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं. स्लाइडसाठी पारदर्शक चिकटपट्टी बुरशीच्या वाढीवर हलकेच टेकवून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या थेंबावर ठेवा. बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, मांडणी मोडत नाही. भुरी आणि केवडा मात्र अशा माध्यमाच्या प्लेटवर वाढणार नाहीत. दोन्हींना जिवंत पान लागतं, तेव्हा नमुना ताजाच मागा.

पावसाळ्यात रानात जरूर फिरा. वारुळावर उगवणारी अळंबी वाळवीनं आत जोपासलेल्या बुरशीची असते. वाळवी ती बुरशी पोसते आणि बुरशी वाळवीसाठी लाकूड-पाचोळा पचवते. फोटो काढा, टोपी कागदावर उपडी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्या. पण पुस्तकातल्या चित्राशी जुळली म्हणून कुठलीही रानअळंबी खाऊ नका.

वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी, तिन्हीकडून या विषयात येता येतं. शेतीची ओढ असेल तर एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घ्या. वर्गीकरणात रमणार असाल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाच्या कामाची माहिती काढा.