अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉइड कॅन्सर: बीआरएएफ तपासणी आणि रोजच्या गोळ्या

अ‍ॅनाप्लास्टिक हा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर. त्याची गाठ आठवड्यागणिक वाढते, त्यामुळे एक तपासणी झाल्यावर मग दुसरी, असं करत बसायला वेळ नसतो. बायोप्सीचा नमुना लॅबमध्ये जातानाच बीआरएएफ व्ही६००ई चाचणी, म्हणजे गाठीतल्या बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल आहे का ते पाहणारी, मागून घ्या. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचं (नमुन्यावर रंग चढवून हा बदल शोधण्याचं) उत्तर काही दिवसांत येतं, एनजीएसला (अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या तपासणीला) आठवडे लागू शकतात. एनजीएसही पाठवा, आरईटी किंवा एनटीआरके जनुकात बदल निघाला तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड्स सोबत न्या. श्वास घेताना घरघर होत असेल तर रिपोर्टची वाट न पाहता तातडीने हॉस्पिटल गाठा.

व्ही६००ई निघाल्यास डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या औषधांची जोडी वापरतात. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१८ साली या कॅन्सरसाठी तिला मान्यता दिली. नेहमीची मात्रा: डॅब्राफेनिब १५० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या दोन कॅप्सूल, १२ तासांच्या अंतराने दोनदा, ट्रॅमेटिनिब २ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच, डॅब्राफेनिबच्या सकाळच्या किंवा संध्याकाळच्या डोसबरोबर.

दोन्ही रिकाम्या पोटी, म्हणजे खाण्याच्या निदान एक तास आधी किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. घोटाळा होतो तो सकाळच्या चहा-बिस्किटाने. सहाला पाण्याबरोबर औषध घ्या, चहा सातनंतर. कॅप्सूल फोडून पाण्यात कालवू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ट्रॅमेटिनिबची बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका आणि गोळ्या आठवड्याच्या डबीत भरू नका. डोस चुकला आणि पुढच्या डोसला डॅब्राफेनिबच्या बाबतीत सहा तासांहून कमी, ट्रॅमेटिनिबच्या बाबतीत बारा तासांहून कमी उरले असतील, तर तो सोडून द्या. दुप्पट घेऊ नका.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो ताप. थर्मामीटर घरात हवाच. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की दोन्ही औषधं थांबवून डॉक्टरांना फोन करा. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी द्या. ताप उतरून २४ तास झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं बहुधा पुन्हा सुरू होतात. ताप औषधाचाच आहे असं मात्र गृहीत धरू नका. पावसाळ्यात डेंगी-मलेरियाची तपासणी करून घ्या आणि डेंगी नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन टाळा. हुडहुडी, चक्कर, लघवी कमी होणं यापैकी काही दिसलं तर हॉस्पिटलच.

औषधं सुरू करण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग महिन्याने, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. ट्रॅमेटिनिबने हृदयाची पंप करण्याची ताकद घटू शकते. मधुमेह असेल तर साखर वारंवार मोजा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, त्यांनी डॅब्राफेनिबचा प्रभाव कमी होतो. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर या काळात भरवसा ठेवता येत नाही, कॉपर-टी किंवा निरोध वापरा. अचानक धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.