स्मार्ट चेसबोर्डवर ऑनलाइन खेळताय? मग या चुका टाळा

स्मार्ट बोर्ड म्हणजे फोनच्या ॲपला जोडून खऱ्या मोहऱ्यांनी ऑनलाइन खेळायचा बोर्ड. असा नवीन बोर्ड घेतलेल्या माणसाचा पहिल्याच आठवड्यात ठरलेला मेसेज येतो, "बोर्ड खराब निघालाय, चाली चुकीच्या घेतोय." मग बसून बघितलं की बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो आणि घाई हाताची असते. स्क्रीनवर बोट फिरवून खेळायची सवय झालेली असते ना, तीच सवय लोक बोर्डावर घेऊन येतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बोर्डाला तुमच्या मनातली चाल कळत नाही. साध्या मॅग्नेटवाल्या बोर्डाला तर एवढंच कळतं की हे घर रिकामं झालं आणि त्या घरात काहीतरी आलं, तिथे वजीर आहे की प्यादं हे ॲप सुरुवातीपासून लक्षात ठेवून चाललेलं असतं. डीजीटी कंपनीच्या लाकडी बोर्डासारख्या बोर्डांत प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी स्वतःची कॉइल (तारेचं वेटोळं) असते, काहींत आरएफआयडी (रेडिओने ओळख सांगणारी चिप) असतं, त्यामुळे तिथे कुठला मोहरा कुठे आहे हे बोर्डाला खरंच दिसतं. आपला बोर्ड यातला कुठला आहे हेच लोकांना माहीत नसतं आणि तक्रारी मात्र तयार!

आता माझी सगळ्यात नावडती चूक, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी हत्ती उचलणं. ओळखीतला एकजण, क्लबमध्ये चांगला खेळणारा, रेटेड गेम (ज्याच्या निकालाने रेटिंग बदलतं), १५+१० चा टाइम (पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा), पांढरे मोहरे. कॅसलिंग करायचं म्हणून त्याने एच१ वरचा हत्ती आधी एफ१ वर ठेवला. आता ती चाल एकटी घेतली तरी पूर्ण कायदेशीर आहे, त्यामुळे ॲपने ती पाठवून दिली. मग त्याने राजा जी१ वर ठेवला, ती त्याची पाळीच नव्हती, म्हणून पोझिशन जुळत नाही हे सांगणारे बोर्डावरचे दिवे लुकलुकायला लागले. त्याला वाटलं बोर्ड हँग झाला, म्हणून राजा परत उचलला, हत्ती परत एच१ वर ठेवला, पुन्हा राजा, पुन्हा हत्ती. तेवढ्यात समोरच्याची चाल आली. एफ३ वरचा घोडा आधीच पुढे गेला होता आणि हत्ती एच१ वरून हलला होता, म्हणजे एच२ च्या प्याद्याला आता कोणाचाच आधार नव्हता, उंटाने ते सरळ खाल्लं. बोर्डावर एक पोझिशन, सर्व्हरवर दुसरी, घड्याळ चालूच, आणि हा मोहरे हलवत बसला तो फ्लॅग पडेपर्यंत, म्हणजे वेळ संपेपर्यंत. नंतर बोर्डाला एक स्टार देऊन मोकळा झाला! मला याचा खरंच राग येतो, कारण आधी राजा हा नियम बोर्ड बनवणाऱ्यांनी काढलेला नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमातही मुद्दाम आधी हत्तीला हात लावून मग राजाला लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही.

माझी सवय सांगतो. राजा उचलायचा, दोन घरं पलीकडे ठेवायचा, हात मागे घ्यायचा, मग हत्ती. सगळं एकाच हाताने. दोन हातांनी झटकन करणारे स्वतःला फास्ट समजतात आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांचाच जातो.

आणि पोझिशन बिघडलीच तर? बोर्डावर अंदाजाने काहीही हलवू नका. ॲपची स्क्रीन बघा, तिथे जी पोझिशन आहे तीच खरी, बोर्डावर जसंच्या तसं लावा, दिवे शांत झाले की पुढची चाल. एवढं केलं असतं तर वरचा गेम एका प्याद्याच्या नुकसानीवर निभावला असता.

दुसरी चूक, बोर्ड उलटा ठेवणं. ही भल्याभल्यांना सापडत नाही कारण बोर्ड १८० अंशात फिरवला तरी घरांचे रंग तेच राहतात, उजव्या हाताला पांढरं घर, वजीर आपल्या रंगावर, डोळ्याला सगळं बरोबर. मॅग्नेटवाल्या बोर्डालाही बरोबरच वाटतं, कारण वरच्या दोन आणि खालच्या दोन रांगा भरलेल्या, एवढंच त्याला दिसतं. मग तुम्ही ई२ चं प्यादं ई४ ला ढकलता आणि बोर्ड वाचतो डी७ वरून डी५. पहिलीच चाल बेकायदेशीर! काळ्याने खेळताना हा घोळ जास्त होतो, कारण काही ॲपमध्ये फ्लिपचं (बोर्डाची दिशा फिरवायचं) सेटिंग वेगळं बदलावं लागतं. कडेची अक्षरं बघा, ए१ चा कोपरा कुठे आहे ते बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

मोहरा घासत नेऊ नका. हत्ती ए१ वरून ए८ ला सरकवताना मध्ये ए४ वर क्षणभर थांबलात की चाल झाली. उचला आणि ठेवा, घराच्या मधोमध.

खाताना आधी खाल्लेला मोहरा बाहेर काढा, मग आपला ठेवा. एका झटक्यात अदलाबदल केली तर घर रिकामं झालेलं सेन्सरला दिसतच नाही.

एन पासां (दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं तिरकं जाऊन खाणं) केल्यावर ते बाजूचं प्यादं उचलायचं राहतं. प्रमोशनला, म्हणजे प्यादं शेवटच्या रांगेत पोचून दुसरा मोहरा होतो तेव्हा, हत्ती उलटा करून वजीर म्हणून ठेवू नका, कॉइल तळाशी असते, उलट्या हत्तीचं बोर्डाला काहीही कळत नाही. घोडा हवा असेल तर ॲपमध्ये ऑटो क्वीन (आपोआप वजीर करणारं सेटिंग) आधीच बंद करा.

समोरच्याची चाल बोर्डावर करायची राहून जाणं, ही अधीर माणसांची चूक. दिवे दाखवतात कुठून कुठे, पण उत्तर आधीच ठरलेलं असतं म्हणून लोक थेट आपली चाल करतात. आधी त्याची, मग आपली. यात वेळ जातो आणि तो तुमच्याच घड्याळातून जातो, म्हणून इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारा जादा वेळ) नसलेला गेम बोर्डावर मला पटत नाही. १५+१० घ्या, ३०+२० तर उत्तमच. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या बोर्ड एपीआयमधून (बोर्ड साइटला जोडायची सोय) अनोळखी खेळाडूशी जोडी लावताना ब्लिट्झ, म्हणजे झटपट गेम, मिळतच नाही, रॅपिड किंवा त्याहून संथ, आणि माझ्या मते हे योग्यच आहे. तिथे ५+३ ब्लिट्झमध्ये मोजतात आणि ५+५ रॅपिडमध्ये, तरी नवख्याने ५+५ च्या वाटेला जाऊ नये.

आणि हे अगदी गंभीरपणे सांगतोय, चांगली चाल दाखवणारे मदतीचे दिवे ऑनलाइन माणसाशी खेळताना बंद म्हणजे बंद. इंजिनाची मदत ती मदतच, मग ती स्क्रीनवर येवो की घराखालच्या दिव्यातून. "सेटिंग चालू राहिलं होतं" हे कारण समोर बसून स्वतःच्या डोक्याने खेळणाऱ्याला सांगून बघा कसं वाटतं ते. अकाउंट बंद होऊ शकतं हा भाग वेगळाच.

कनेक्शनचं थोडक्यात. बोर्ड सापडत नसेल तर आधी बघा की तो दुसऱ्याच फोनला किंवा टॅबलेटला जोडलेला नाही ना, बहुतेक ब्लूटूथ बोर्ड एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. फोनच्या सेटिंगमधून पेअर करत बसू नका, ॲपमधूनच जोडा. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ स्कॅनसाठी लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून जवळपासच्या उपकरणांची वेगळी परवानगी आली. ब्राउझरमधून थेट ब्लूटूथने जोडायचं असेल तर क्रोम किंवा एज वापरा, सफारी आणि फायरफॉक्समध्ये ते चालत नाही, आणि आयफोनवरच्या क्रोममध्येही नाही. यूएसबीने जोडून काहीच होत नसेल तर केबल बदला, नुसती चार्जिंगची केबल डेटा नेत नाही. गेमच्या आधी बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲप झोपवतो. बोर्डाशेजारी स्पीकर किंवा मॅग्नेटवालं फोन कव्हर ठेवू नका.

फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट गेमच्या आधी दहा मिनिटं करू नका. अपडेट केलं की पहिला गेम कॉम्प्युटरशी खेळा, त्यात दोन्ही बाजूंचं कॅसलिंग, एक एन पासां आणि एक प्रमोशन करून बघा, आणि मगच रेटेडला बसा.