जर्मनीत यजमानांच्या इंडक्शनवर गोव्याहून नेलेली भांडी तापत नसतील तर

लक्षण असं: भांडं ठेवून पॉवर वाढवली की आकड्याच्या जागी एक चिन्ह लुकलुकतं आणि थोड्या वेळाने झोन (काचेवर आखलेलं तापायचं वर्तुळ) आपोआप बंद. यजमानांची भांडी मात्र व्यवस्थित तापतात. म्हणजे शेगडी ठीक आहे, उगाच मेकॅनिक बोलवायला लावू नका.

काच पुसून, झोन बदलून काही झालं नाही. मधे ठेवायची लोखंडी तबकडी आणली. भात शिजला, पण रखडत, आणि खालची काच नको तितकी तापली. भुकेल्या पोटी वैताग आला.

उपाय असा. आधी फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला बाहेरून लावा, कडेला नाही. घट्ट चिकटलं तरच पुढे जा. ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणि पितळी टोप इथेच बाद. 304 ग्रेडचं स्टीलही (चुंबक न चिकटणारं स्टेनलेस स्टील), बुडाला चुंबकीय थर नसेल तर. मग बुडावर पट्टी आडवी धरा: फट दिसली, तर ते भांडं नीट तापणार नाही. गोल बुडाची कढई म्हणूनच चालत नाही. शेवटी बूड झोनच्या वर्तुळाएवढं आहे का पाहा. फोडणीची पळी एवढीशी असते की शेगडीला ती कळतच नाही; फोडणी टोपातच आधी करा, मध्यम आचेवर, कारण तेल भराभर तापतं.

अजून निघायचे असाल तर म्हापशाच्या बाजारात चुंबक खिशात घेऊनच जा. बिडाचा तवा नेलात तरी हुमणासाठी (गोव्याचं माशांचं कालवण) इंडक्शन बुडाचा स्टीलचा टोप हवाच. सोलांच्या (कोकमाच्या) आंबटाने उघडं लोखंड कालवण काळं करतं.