न नांगरलेल्या भातखाचरातला कर्ब: वाढवावा कसा आणि मोजावा कसा

भातखाचरात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या मुळांतून आणि काडीकचऱ्यातून मातीत साठणारा कार्बन) टिकून राहतो तो मुख्यतः साचलेल्या पाण्यामुळे. पाण्याखालच्या मातीला हवा मिळत नाही, त्यामुळे मुळे आणि काडीकचरा कुजवणारे जिवाणू मंदावतात. म्हणूनच खाचराची माती शेजारच्या वरकस (पाणी न साचणाऱ्या उंचावरच्या) जमिनीपेक्षा बहुधा काळपट आणि कर्बाने समृद्ध असते. नांगरणी आणि चिखलणी बंद करून आपण गादीवाफ्यांवर भात टोकू लागतो, तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. माती ढवळणे थांबल्यामुळे कर्बाची एक गळती बंद होते, आणि मुळांच्या थरात हवा खेळू लागल्यामुळे दुसरी गळती सुरू होऊ शकते. त्यामुळे नांगर थांबला म्हणजे कर्ब आपोआप वाढला असे समजू नये. जमिनीत पडणारी आवक वाढली, तरच शिल्लक वाढते.

कोकणात या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र. पहिल्या वर्षी एकदाच नांगरट करून, सुमारे एक मीटर रुंद माथ्याचे गादीवाफे आणि त्यांच्यामध्ये पाण्याला वाट देणारे पाट तयार करावेत. वाफे उताराला आडवे पडतील आणि पाट बांधाच्या सांडीशी (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेशी) जोडलेले राहतील, याची काळजी या एकाच वेळी घ्यावी, कारण पुढे अनेक वर्षे ते मोडायचे नसतात. साच्याने 25 × 25 सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून प्रत्येक भोकात तीन-चार दाणे टाकावेत. आवण (भाताची रोपे) नाही आणि लावणीही नाही, त्यामुळे राबही, म्हणजे रोपवाटिकेची जागा पालापाचोळा जाळून, भाजावा लागत नाही. कर्बाच्या दृष्टीने ही बचत मोठी आहे. राबासाठी जाळला जाणारा ऐनाचा टहाळ, गवत आणि शेण यांतला बहुतेक कर्ब धुरावाटे निघून जातो. तोच पाला वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरावा आणि शेण खतखड्ड्यात कुजवून शेतात आणावे.

कापणीच्या वेळची एक गोष्ट बारकाईने सांगतो, कारण सारे तिच्यावर उभे आहे. रोप उपटू नये, जमिनीलगत कापावे आणि मुळे जागच्या जागी राहू द्यावीत. कोकणातला पेंढा बहुतेक गुरांच्या वैरणीत जातो आणि तो शेतात पसरा असे शेतकऱ्याला सांगणे रास्त नाही. तेव्हा मुळे आणि धसकटे हीच हक्काची आवक उरते. ही मुळे कुजल्यावर मातीत बारीक नळ्या शिल्लक राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात वाफ्यावर कुदळ मारून ढेकूळ हाताने फोडले, तर या नळ्यांच्या कडेने काळपट अस्तर आणि त्यातून उतरलेली नवी पांढरी मुळे स्पष्ट दिसतात. धसकटे पुन्हा फुटू नयेत म्हणून तणनाशक वापरायचे असेल, तर सध्याचा नियम आणि मात्रा कृषी विभागाकडून तपासूनच वापरावे.

भात निघाल्यावर वाफे रिकामे ठेवू नयेत. उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मूग किंवा चवळी टोकावी. माझ्या मते या पद्धतीतला खरा कर्बलाभ नांगर न लावण्यापेक्षा या दुसऱ्या पिकातून येतो: मुळांची आणखी एक आवक होते आणि कडधान्याच्या मुळांतल्या नत्रामुळे भाताची कोरडी धसकटेही नीट कुजतात. अडचण मोकाट गुरांची असते, आणि ती एकट्या शेतकऱ्याला सोडवता येत नाही. आसपासच्या खाचरवाल्यांनी मिळून कुंपण किंवा राखणीची व्यवस्था केली, तरच वाल हाती लागतो.

आता मोजणी. भात कापल्यानंतर, खत टाकण्यापूर्वी, दरवर्षी त्याच महिन्यात आणि त्याच प्रयोगशाळेकडून तपासणी करावी. नमुने 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे दोन थरांत, वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत. नांगरणी बंद झाल्यावर कर्ब वरच्या थरात साठतो, पण पूर्वी नांगराने खाली गाडला जाणारा काडीकचरा आता खाली जात नाही. केवळ वरचा थर तपासला, तर नुसती जागा बदललेला कर्बही वाढल्यासारखा दिसतो.

टक्केवारीसोबत मातीची घनताही हवी. 7 सेंटिमीटर व्यासाचा आणि 7.5 सेंटिमीटर उंचीचा लोखंडी पाइपचा तुकडा वाफ्यात सरळ ठोकावा, आतली माती काढून 105 अंश सेल्सिअसवर वाळवावी आणि वजन करावे. या तुकड्याचे आकारमान सुमारे 289 घनसेंटिमीटर येते. कोरडी माती 375 ग्रॅम भरली, तर घनता 1.3 (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) झाली. जांभ्याच्या जमिनीत खडे फार असतात, म्हणून 2 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेल्या खड्यांचे वजन आणि आकारमान वजा करावे.

कर्बाची टक्केवारी, घनता आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला, की हेक्टरी टनांत साठा मिळतो: 0.60 × 1.3 × 15 म्हणजे 11.7 टन. येथे एक सापळा आहे. न नांगरलेली माती काही वर्षांत दबून घनता 1.4 झाली आणि टक्केवारी 0.60 च राहिली, तर हिशेब 12.6 टन दाखवतो. ही 0.9 टनांची वाढ खोटी आहे, कारण त्याच 15 सेंटिमीटरमध्ये आता जास्त माती मोजली गेली. म्हणून तुलना समान खोलीची न करता समान वजनाच्या मातीची करावी: पहिल्या वर्षी हेक्टरी 1,950 टन (1.3 × 15 × 100) माती धरली असेल, तर पुढेही तेवढीच धरावी.

हवामानाचा विचार करताना मिथेनही हिशेबात घ्यावा. साचलेल्या पाण्यात कर्ब टिकतो, पण त्याच पाण्यात मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 27 पट उष्णता धरतो. गादीवाफ्यांवर मिथेन कमी होतो. मात्र माती ओली-सुकी होत असताना युरिया एकदम टाकला, तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, म्हणून नत्र दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे.

एका वर्षात फरक शोधू नये; एकाच खाचरातल्या दोन कोपऱ्यांतला फरक त्याहून मोठा असतो. निदान तीन ते पाच वर्षे थांबावे आणि तोवर शेजारचे, त्याच मातीचे एक खाचर जुन्याच पद्धतीने, चिखलणी-लावणी करून चालू ठेवावे. त्याचेही नमुने त्याच दिवशी घ्यावेत, कारण पावसाच्या चढउताराचा परिणाम दोन्हींवर सारखाच होतो. नव्या पद्धतीची मजुरी वाचलेली पाहून तेही वाफ्यांखाली आणण्याचा मोह होईल; शेवटचे नमुने पिशवीत भरेपर्यंत तो आवरावा.