फॅमिली डॉक्टरांसाठी उच्च रक्तदाबाचे प्रशिक्षण कसे आखावे

तालुक्याच्या गावी असे प्रशिक्षण ठरले, की बहुधा शहरातून हृदयरोगतज्ज्ञ बोलावले जातात, नव्या औषधांवर तासभर व्याख्यान होते आणि जेवण उरकून सगळे आपापल्या दवाखान्यात परततात. प्रत्यक्षात रक्तदाब आटोक्यात न येण्याचे मूळ बहुतेकदा चुकीच्या मोजमापात, औषध वाढवण्यातील चालढकलीत आणि मध्येच येणे थांबवणाऱ्या रुग्णांत असते. म्हणून प्रशिक्षणाचा वेळ या तीन गोष्टींनाच द्यावा.

मोजमापाचा सराव प्रत्यक्ष करून घ्यावा. प्रत्येक डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातील यंत्र आणि कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, सोबत आणावा, जोड्या करून एकमेकांचा रक्तदाब मोजावा आणि तेच माप तपासलेल्या स्वयंचलित यंत्राशी ताडून पाहावे. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना कोणीही बोलू नये, हे सर्वांनी शिकलेले असते. तरी गर्दीच्या ओपीडीत तेच आधी सुटते. जाड दंडावर लहान कफ बांधला तर आकडा खोटा वाढतो, त्यामुळे मोठा कफ दवाखान्यात असलाच पाहिजे. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन मापांची सरासरी लिहावी. यानंतर प्रत्येकाने आपले जुने केसपेपर चाळून किती आकडे शून्यावर संपतात ते मोजावे. १३०/८०, १४०/९० अशीच रांग दिसली तर माप अंदाजे लिहिले जाते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उपचाराच्या सत्रासाठी एका पानावर मावणारी पायऱ्यांची पद्धत हवी. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाचा भर अशाच पद्धतीवर आहे. महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यात होते. नमुना म्हणून सांगायचे तर अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. महिन्याने रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड द्यावी, पुढे त्याचा डोस ८० करावा आणि गरज पडल्यास क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम द्यावे. पायऱ्या पाठ होणे सोपे असते, पाऊल उचलणे अवघड. त्यामुळे सहभागींच्याच केसपेपरांवर चर्चा व्हावी: गोळ्या नियमित घेणाऱ्या रुग्णाचा आकडा सलग दोन भेटींत १५२/९४ आला, तरी तेच औषध पुन्हा का लिहिले गेले? ‘आज धावपळ झाली असेल’ हे कारण दोनदा चालत नाही.

अपवादही तितक्याच स्पष्टपणे शिकवावेत. गरोदरपणात टेल्मिसार्टन देऊ नये, मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, आणि लक्षणे नसताना केवळ मोठा आकडा पाहून निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देण्याची जुनी सवय पूर्ण सोडावी. एकदम उतरलेला रक्तदाब मेंदू आणि हृदयाला घातक ठरू शकतो. अंगदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचीही चौकशी व्हावी, कारण त्यांतील अनेकांनी रक्तदाब वाढतो.

रुग्णाशी बोलण्याचा सराव मात्र बहुतेक कार्यक्रमांत नसतोच, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते. ‘बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी बंद केली’ असे सांगणाऱ्या रुग्णाला न रागावता, गोळीमुळेच तो आकडा खाली आहे हे कसे समजवावे, याचे संवाद दोघादोघांनी करून पाहावेत. ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून भागत नाही. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांपैकी घरात रोज काय असते, ते विचारावे.

शेवटी नोंदवही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांत उच्च रक्तदाब आढळला. आपल्या वहीतील संख्या याच्याशी ताडली की किती जण निदानाविना राहिले असतील याचा अंदाज येतो. ठरलेल्या तारखेला न आलेल्यांना फोन करण्याचे काम दवाखान्यातील सहायकाकडे सोपवावे. तीन महिन्यांनी दुसरे सत्र घ्यावे आणि नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, हे प्रत्येकाने मांडावे. या काळात जे आलेच नाहीत, त्यांना ‘नियंत्रणात नाही’ असेच धरावे.