घोड्याला फळं, गूळ, ऊस खायला देताना काय बघायचं

कोल्हापुरात रंकाळा तलावावर घोडा दिसला की पोरांना आधी त्याच्यावर बसायचं असतं आणि मग त्याला कायतरी खायला घालायचं असतं, आणि आपण पण हातात असेल ते पुढं करतो, भेळेची पुडी, बिस्किट, पाव, कणीस. सगळे प्रेमानंच देतात, त्यात वाद नाही. पण आपण प्रत्येकजण "थोडंच तर दिलं" म्हणतो आणि घोडा तोच असतो, त्याच्या पोटात सगळ्यांचं थोडं थोडं एकत्र जातं. माझ्या मते फळ कुठलं द्यायचं ह्यापेक्षा पण हे जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे घोडेवाल्याला विचारायचं, "मामा, ह्याला गाजर दिलं तर चालंल काय?" आणि तो नको म्हटला तर राग न धरता गाजर खिशात ठेवायचं. सकाळपासून त्यानं किती खाल्लंय, पोटाचा किंवा खुराचा काय त्रास आहे का, चावायची सवय आहे का, हे त्यालाच माहीत असतं.

आता पोटाचं सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. एवढं मोठं जनावर, पण त्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. खरं पचन पुढं मोठ्या आतड्यात होतं, तिथले जंतू चारा कुजवून पचवतात. त्या जंतूंना कडबा, गवत असलं धाग्याचं खाणं लागतं, तिथं एकदम साखर किंवा पीठ जाऊन पडलं की आम्ल वाढतं, गॅस होतो, पोटशूळ उठतो, आणि कधी कधी त्याचा परिणाम थेट खुरावर होतो, खुराच्या आत सूज येते आणि घोडा कायमचा अधू होऊ शकतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. म्हैस रवंथ करते, तिचं पोटच वेगळं, त्यामुळं "आमच्या म्हशीला चालतंय की" हा हिशोब इथं अजिबात लावू नका. गोळी पेंडीचं तर लईच जपा, गाई-म्हशीच्या किंवा कोंबडीच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला विष आहे, थोडंसुद्धा जीव घेऊ शकतं.

साधारण २५० किलोच्या तट्टाला दिवसाला ४ ते ५ किलो सुका चारा लागतो, वर कामाप्रमाणं चंदी, म्हणजे दाणा. खाऊ म्हणजे ह्या सगळ्याच्या वर एखाद-दुसरी मूठ, बास. एका गाजराचे तुकडे किंवा अर्धं सफरचंद एवढ्यात घोडा खूश असतो. आपल्याकडची देशी तट्टं तर कमी खाण्यावर पण अंग धरतात, त्यांना गोड जास्त झालं की खुराचा त्रास लवकर होतो.

चिरायचं कसं, ह्याकडं नीट लक्ष द्या. गाजराच्या आपण कोशिंबिरीला करतो तशा गोल चकत्या करायच्या नाहीत, चकती न चावता गिळली जाते आणि घशात अडकते. गाजर उभं चिरायचं, बोटापेक्षा लांब फोडी, म्हणजे त्याला दाताखाली घेऊन चावावंच लागतं. सफरचंदाच्या पण उभ्या फोडी, बियांचा भाग काढून. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजलेले असतात, त्याला किसून द्या.

केळं बहुतेक घोड्यांना आवडतं, साल स्वच्छ धुतली असेल तर सालीसकट चालतं. उन्हाळ्यात कलिंगडाची साल तर एकदम बेस्ट, आपण लाल गर खायचा आणि हिरव्या सालीच्या लांब पट्ट्या घोड्याला, पाणी भरपूर आणि साखर कमी. आंबा द्यायचा तर नुसता गर, कोय कुठल्याही परिस्थितीत नाही. चिक्कू, खजूर बी काढून, अरबस्तानात घोड्यांना खजूर द्यायची जुनी पद्धत आहे. पपई बिया काढून. सीताफळ मात्र देऊच नका, त्याच्या बिया विषारी असतात आणि एकेक बी वेचत कोण बसणार.

आता एक गंमत. इंग्लंडमध्ये घोड्यांना वेगवेगळ्या चवीचं खाद्य देऊन त्यांना काय आवडतं ते तपासलं होतं, तर पहिला नंबर आला मेथीचा! दुसरं केळं, आणि जिरं तर गाजराच्या पण पुढं. म्हणजे सफरचंद महाग वाटत असेल तर मंडईतनं मेथीची जुडी आणा, चार काड्या धुऊन द्या. आधी तो नुसता वास घेतो, मग वरचा ओठ लांब करून एकेक पान चाचपतो आणि नको ती काडी बाजूला सारून हवी तीच उचलतो, ते बघण्यासारखं असतं. पुदिन्याची पानं पण चालतात.

गुळाचं बोलायलाच पाहिजे, कोल्हापुरात राहून घोड्याला गूळ नको म्हणणं जीवावर येतं. पण गूळ म्हणजे बहुतेक साखरच, चांगला कोल्हापुरी असला तरी. अंगठ्याच्या पेराएवढा खडा, तोही रोज नाही आणि जाड घोड्याला तर नाहीच. भिजवलेल्या हरभऱ्याबरोबर बचकभर गूळ घालून "ताकद येते" म्हणून देतात, ती ताकद नव्हे, पोटदुखीला आमंत्रण आहे.

उसाचं थोडं बरं, कारण त्यात धागा असतो आणि घोडा सावकाश चावतो. पेर सोलून उभं चिरायचं आणि एखादी लांब काप द्यायची, आपण खातो तसले करवे, म्हणजे छोटे तुकडे, करून नाही. रसवंतीवरचं चिपाड देऊ नका, रस गेलेला असतो, नुसते रखरखीत धागे, त्यात ते लगेच आंबतं. आणि वाडं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, किंवा हत्तीगवत रोजचा चारा म्हणून घालत असाल तर डॉक्टरांशी बोला, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळं अंगाला कॅल्शियम लागत नाही आणि हाडं कमकुवत होतात.

अजिबात द्यायचं नाही ते असं: कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, कोबी-फ्लॉवर, अॅव्होकॅडो, चॉकलेट, पाव, पेढे-जिलेबी, भेळ, चिवडा. दूध पण मोठ्या घोड्याला पचत नाही. देवाच्या हारातली फुलं टाकताना बघा, त्यात कण्हेर असते आणि कण्हेरीची थोडीशी पानंसुद्धा घोड्याला मारू शकतात, बागेत कण्हेर किंवा घाणेरी असेल तर तिथं घोडा बांधूच नका. कापलेल्या लॉनचा ढीग पण नको, तो गरम होऊन आंबतो.

देताना तळहात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा आत चिकटवलेला, खाऊ मधोमध. घोड्याला स्वतःच्या नाकासमोरचं दिसत नाही, तो ओठानं आणि मिशांनी चाचपतो, म्हणून चिमटीत धरलं तर गाजर कुठलं आणि बोट कुठलं हे त्याला कळत नाही. मागनं जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं, आवाज देत. लहान पोराचा हात खालनं आपल्या हातावर धरा, किंवा सरळ घमेल्यात टाका. तोंडात लगाम असेल तर थांबा, नीट चावता येत नाही. पळून घामाघूम झालेला असेल तर पण थांबा, श्वास खाली बसू दे, पाणी पिऊ दे.

लग्नाच्या वरातीत मात्र ह्यातलं काहीच पाळलं जात नाही. ओवाळताना चार बायका डाळ-गूळ देतात, तिकडनं कोण पेढा भरवतं, आणि घोडी बँडच्या आवाजात आधीच बिथरलेली असते. घरचं कार्य असेल तर घरातल्या एकाच माणसाकडं ते काम द्या, मूठभर भिजवलेली डाळ पुरे, आणि बाकीच्यांना नुसता हात लावून नमस्कार करू दे. दसऱ्याला घोड्याची पूजा करता तेव्हा पण असंच.

खाऊ दिल्यावर घोडा मान ताणून खोकायला लागला, नाकातनं लाळ आणि चघळलेलं खाणं बाहेर आलं तर घशात अडकलंय. लगेच समोरचा चारा-पाणी काढा, मान खाली राहू दे, डॉक्टरांना फोन करा. तेल किंवा पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. पाय आपटणं, पोटाकडं वळून बघणं, सारखं लोळणं, लीद बंद होणं ही पोटशूळाची लक्षणं, तेव्हा पण खाणं बंद आणि फोन. काय आणि किती दिलं होतं ते न लपवता सांगा, डॉक्टरांना त्यावरनंच पुढचं ठरवता येतं.